कडा दाबलेली पट्टी

१

दादा गेल्याला तीन आठवडे झाले, तेव्हा वहिनीने त्याच्या कामाच्या खोलीची किल्ली धाकट्यापुढे ठेवली.

“ती बोट तेवढी पुरी करा, भाऊजी. ज्यांची आहे ते दोनदा येऊन गेले. पांढरा मारून झालाय. निळा तेवढा राहिलाय.”

“मी मोटारी रंगवतो, वहिनी. दादाच्या कामाला नुसता हात लावला तरी तो हातावर फटका द्यायचा.”

“आता कोण देतंय,” वहिनी म्हणाली आणि भांडी विसळायला वळली.

धाकटा सातवीतून शाळा सोडून गॅरेजला लागलेला. मोटारीचं दार तो तासाभरात झाकून, रंगवून मोकळा व्हायचा. काचांवर रद्दीचे कागद, कडेने टेप, की झालं. दादाचं काम वेगळं. तो जहाजांच्या, आगगाड्यांच्या, पुलांच्या हातभर लांबीच्या प्रतिकृती करायचा, आणि त्यात रंगवायला लागे एक दिवस, झाकायला लागत दहा. रिळावरच्या टेपची मूळ कड तो कधी वापरायचा नाही, तिला धूळ चिकटलेली असते. टेप काचेवर चिकटवायचा, नव्या ब्लेडने ताजी कड कापायचा, चिमट्याने उचलून जागेवर ठेवायचा आणि अंगठ्याच्या नखाने दाबत न्यायचा. मग त्या कडेवर पुन्हा पांढराच मारायचा. काही झिरपायचंच असेल तर टेपखाली पांढराच झिरपू दे, कुणाला दिसणार आहे. आणि मग वरून निळा.

“तू रंगवतोस,” तो धाकट्याला चिडवायचा. “मी झाकतो. रंग काय, कोणीही मारतं.”

खोलीच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा होता. गॅरेजातला जळला म्हणून धाकट्याने तो दोन दिवसांसाठी नेला. दोन दिवसांचे सहा आठवडे झाले. दादाने दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून तो खिडकी आणि दार दोन्ही लावून घ्यायचा. त्या दिवशी आई चहा घेऊन गेली तेव्हा तो बाकावर डोकं टेकून बसला होता. बोटीला धक्का लागणार नाही अशा बेताने टेकलेलं होतं. खोलीत थिनरचा वास एवढा, की आईला दारातच घेरी आली.

पंखा दुसऱ्या दिवशी जागेवर आला. धाकट्यानेच आणला. तो स्क्रू पिळत असताना आई दारात उभी होती. “बसव नीट,” ती म्हणाली. “आता छान हवा खेळेल.” त्यानंतर त्या पंख्याचं नाव घरात कोणी काढलं नाही.

धाकट्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दादा त्याच्यावर राग धरून गेला का. सांगू शकणारं माणूस एकच होतं आणि तेच उरलं नव्हतं.

त्याने खोली उघडली. बोट बाकावर होती, सगळा पांढरा भाग पिवळ्या टेपखाली, खालचं पोट तेवढं उघडं. अंधुक होतं म्हणून त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तर बटणावरही पट्टी. बटणाच्याच मापाची, चारही कोपरे गोल कापलेली. दादाच्या अंगठ्याच्या नखाला मधोमध जुनी चीर होती. त्याने दाबलेल्या टेपवर एकाऐवजी दोन बारीक रेषा उठायच्या. इथेही दोन होत्या. भिंती रंगवायचा विचार असेल त्याचा, असं म्हणत धाकट्याने पट्टी ओढली. ती सहज निघाली. मागे गोंदाचा डागसुद्धा राहिला नाही.

तिथे त्याचा हात थांबला. टेप आठवडाभर राहिला की वाळतो, फाटत निघतो, गोंद मागे ठेवतो. गॅरेजात थपडा खाऊन तो एवढं तरी शिकला होता. आणि ही पट्टी तर काल-परवाची होती.

२

दुसऱ्या दिवशी आईच्या कपाच्या कानावर पट्टी निघाली. मग घड्याळाच्या काचेवर. मग पुतणीच्या सगळ्या रंगीत पेन्सिलींवर, टोकापासून बुडापर्यंत.

पुतणी सहा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. घरात तिला सगळे टिवटिव म्हणत. “काका, तुला कामधंदा नाही का?” ती पेन्सिलींचा डबा त्याच्यापुढे आपटून म्हणाली. “आता हिरवी कुठली ते कसं कळणार मला?”

“मी नाही लावल्या गं.”

“मग काय मांजरीने लावल्या?”

वहिनीलाही तेच वाटत होतं. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, “भाऊजी, बोटीचं काम बाजूला ठेवून हे काय चालवलंय? मन रमत नसेल तर सांगा तसं.”

धाकट्याने स्वतःवरच शंका घेऊन पाहिली. दुःखात माणूस काय काय करतो आणि त्याला ठाऊकही नसतं, असं त्याने ऐकलं होतं. त्याने टेपचा तुकडा काचेवर लावून स्वतःच्या नखाने दाबला. एकच रेषा उठली. दहा वेळा दाबलं, दहा वेळा एकच. मग त्याने ड्रॉवरमधल्या रिळाच्या टोकाशी पेनने फुली मारली, ड्रॉवर लावला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवून गॅरेजला गेला.

संध्याकाळी फुलीचं टोक रिळावर नव्हतं. रीळ बोटभर बारीक झालं होतं. फुली मारलेला तुकडा त्याला दोन दिवसांनी सापडला, आईच्या चष्म्याच्या डाव्या काडीवर. फुली आतल्या बाजूला आली होती.

३

माणसांवर पहिली पट्टी दिसली ती वहिनीच्या मनगटावर. ती कपडे पिळत होती, बाही वर गेली आणि हाताच्या हाडाला वळसा घालून गेलेली पिवळी पट्टी दिसली.

“वहिनी, हे कधी?”

“दुपारी पडले होते जरा, तेव्हा,” ती म्हणाली आणि बाही खाली ओढली.

“काढू का?”

“नको.”

“अहो, पण...”

“नको म्हटलं ना.” मग थोड्या वेळाने, कपडा झटकता झटकता, “कडा किती हळू दाबल्यात. झोपमोड झाली नाही माझी.”

त्याच दिवशी टिवटिवच्या कानामागे पट्टी होती, केसांच्या रेषेबरहुकूम कापलेली. एकही केस खाली अडकला नव्हता. आईच्या दंडावर तीन होत्या, एकाला एक जोडून. सांधा शोधायला बोट फिरवावं लागत होतं. धाकट्याने बोट फिरवलं तसा आईने हात मागे घेतला.

“ओरखडशील.”

“आई, तुला भीती नाही वाटत?”

“कशाची? झाकतो कशाला माणूस? ठेवायचं असतं म्हणून झाकतो. तुझ्या गॅरेजात काय वेगळं शिकवतात?” तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुला कुठे लावलीय?”

 तो न्हाणीघरात गेला, कडी लावली आणि कपडे उतरवले. तळवे पाहिले, काखा पाहिल्या, कानांमागे बोटं फिरवली, आरसा पाठीमागे धरून पाठ पाहिली. कुठे काही नव्हतं. नखाएवढा तुकडासुद्धा नाही. बाहेर आला तेव्हा आई तिथेच बसली होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तिला कळलं.

४

सोमवारी तो गॅरेजला निघाला. रस्त्याच्या टोकाला हिरव्या फाटकाचं एक घर होतं. ते फाटक रोज कुरकुरायचं आणि त्यातून एक गलेलठ्ठ कुत्रा नाक बाहेर काढायचा. त्या दिवशी फाटक हिरवं नव्हतं. रंगाआधी मारतात त्या अस्तराच्या रंगाचं होतं, चमक नसलेलं राखाडी. रंगवलं असेल म्हणून तो जवळ गेला. गजांच्या मधल्या फटी भरलेल्या होत्या. गज, फटी, पलीकडचं अंगण, घराची भिंत, सगळ्यांवरून रंगाचा एकच हात फिरला होता. एक पातळ, सारखा हात. कडेला कुठे ओघळ नाही, कुठे थेंब नाही. गजाशी, रोज जिथे नाक यायचं तिथे, एक उंचवटा होता.

पुढच्या वळणावर रस्ता होता की नव्हता हे त्याला सांगता आलं नसतं. रस्ता, आकाश आणि दुकानांच्या पाट्या एकाच कापडाच्या झाल्यासारख्या दिसत होत्या. थिनरचा वास येत होता.

तो परत फिरला तेव्हा त्याच्या मनाने नेहमीचा उद्योग सुरू केला. धुकं असेल. डोळे आले असतील. महिनाभर धड झोप नाही, आणि एवढं रडल्यावर माणसाला दुनिया राखाडी दिसायचीच. पण त्याचा हात धंद्याचा होता, आणि हाताला कळत होतं. चांगला रंगारी रंग फवारायची गन वस्तूवर सुरू करत नाही. वस्तूच्या बाहेर चालू करतो, वस्तूवरून नेतो आणि पलीकडे जाऊन बंद करतो. म्हणजे कड सारखी येते. हा हात दूरवर कुठेतरी सुरू झाला होता आणि सावकाश घराकडे येत होता.

मंगळवारी समोरच्या ओळीतली दोन घरं गेली. बुधवारी पाववाला आला नाही. बोटीचा माणूसही पुन्हा आला नाही. गल्लीत आवाज उमटायचे बंद झाले. कोणी टाळी वाजवली तरी ती रजईत वाजवल्यासारखी वाटली असती. आणि दादाच्या बंद खोलीत रंगाच्या गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हवा भरायला लागला. त्याचा ठक-ठक आवाज धाकट्याला लहानपणापासून पाठ. हवा पुरेशी भरली की तो आपोआप थांबतो. हा थांबतच नव्हता. धाकट्याने जाऊन पाहिलं. वायर गुंडाळून खुंटीवर टांगलेली होती.

५

गॅरेजातून आणलेला रुंद टेप घरात पडलेला होता. धाकट्याने स्वतःच तो छातीवर लावला, आडवा, उभा, जमेल तसा, आणि हाताने थापटला. दादाच्या खोलीत भिंतीला टेकून डोळा लागला. जागा झाला तेव्हा छाती मोकळी होती. सगळा टेप दादाच्या काचेवर होता, काढून, घडी करून, घडीच्या कडा जुळवून ठेवलेला. नको असलेली गोष्टही दादा अशीच ठेवायचा.

“मग मला सांग तरी,” धाकटा रिकाम्या खुर्चीला म्हणाला. “दोन शिव्या दे. पंखा नेला मी. विसरलो. मुद्दाम नाही केलं रे.”

कॉम्प्रेसर चालू राहिला.

त्याने बोट उचलून आपटायला डोक्यावर नेली आणि मग तशीच खाली ठेवली. त्याच्याने झालं नाही. टेपच्या कडा किती सरळ होत्या.

गुरुवारी दुपारी तिघी पुढच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. वहिनीचे हात खांद्यांपर्यंत पिवळे झाले होते. टिवटिव गळ्यापर्यंत. तिची बडबड चालूच होती, फक्त ती मान वळवत नव्हती. “हलायचं नाही म्हणे, कड उचलते,” तिने काकाला समजावलं. “आईला गुदगुल्या झाल्या तरी हसली नाही ती. मी हसले.”

“कोण म्हणालं हलायचं नाही?”

“कळतंच ना.”

शुक्रवारी सकाळी तिघी पूर्ण झाकलेल्या होत्या. तीन पिवळे आकार, जवळजवळ बसलेले. नाकपुड्यांपाशी सुईच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून येणारा श्वास. वहिनीच्या बोटांची पेरं न् पेरं वेगळी झाकली होती. पोरीच्या दोन्ही वेण्यांचे पीळ टेपमधूनही मोजता येत होते. महिनाभराचं काम होतं ते. एवढ्या जिव्हाळ्याने कोणी कोणाला कधी हात लावलेला धाकट्याने पाहिला नव्हता, आणि तो त्यांच्यापुढे जमिनीवर उघडा बसला होता.

खिडकीबाहेर कुंपणाची भिंत राखाडी झाली. मग कुंपणाच्या अलीकडची तुळस. मग खिडकीचा बाहेरचा गज.

६

त्याने विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो उठला, आईपुढे गेला आणि कपाळावरच्या पट्टीची कड नखाने उचलली.

आईच्या घशातून आवाज आला. ओठ झाकलेले, त्यामुळे शब्द कळले नाहीत. तो ते रडणं समजला.

“तुला पुष्कळ आहे,” तो म्हणाला. “थोडं मला दे. तुला तर दोन-दोन पदर लावलेत.”

आई पुन्हा तोच आवाज काढू लागली, लांब, विनवल्यासारखा. त्याने कपाळ सोडवलं, गाल सोडवले, आणि निघेल तो टेप स्वतःच्या तोंडावर दाबत गेला. टेप बसेना. एकदा निघालेला टेप परत धरत नाही, हे गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. पट्ट्या त्याच्या घामावरून घसरून खाली पडत होत्या. तो त्या पुन्हा उचलून दाबत होता. आईचं तोंड मोकळं झालं तेव्हा तिच्या ओठांवर टेपची बारीक जाळी उमटली होती.

“थांब म्हणत होते,” ती म्हणाली. “केव्हाची थांब म्हणतेय तुला.”

“कशाला थांबू? त्याने मला सोडलंय.”

“आत जाऊन बघितलंस का?”

तो आत धावला. त्याला नवं रीळ हवं होतं. ड्रॉवरमध्ये रिळाची पुठ्ठ्याची चकती तेवढी उरली होती. मग त्याचं लक्ष बाकावरच्या काचेकडे गेलं.

काच कडेपासून कडेपर्यंत भरलेली होती. कापून तयार ठेवलेले तुकडे, रांगेने, चिमटा शेजारी आडवा. उजवा कान. डावा कान, पाळीला लहानपणी कुत्रा चावल्याच्या खाचेसह. भुवया. हनुवटीवरचा व्रण तेवढा वेगळा कापलेला. दहा नखांचे दहा चंद्र. पाठीचे दोन मोठे तुकडे, मणक्याच्या रेषेवर जोडायचे. बाकी तिघींचं मिळून झालं नसेल एवढं काम एकट्याच्या तुकड्यांवर केलं होतं. चेहऱ्याचा शेवटचा तुकडा अर्धा कापलेला होता, आणि ब्लेड त्यातच उभं होतं.

 कॉम्प्रेसर थांबला. हवा भरली होती.

त्याने काच दोन्ही हातांनी उचलून पुढच्या खोलीत आणली. आईचा चेहरा एवढ्या पिवळ्यात फारच लहान आणि फारच उघडा दिसत होता. त्याने स्वतःच्या कपाळाचा तुकडा तिच्या कपाळाला लावून पाहिला. दोन बोटं जास्त झाला. गालाचा सुरकुत्यांवर उचलला गेला. दुसऱ्या कुणाच्याही मापाला तो टेप बसणार नव्हता, इतका तो त्याचाच होता.

“नासवू नकोस,” आई म्हणाली. “तुझे तू लाव.”

त्याने कपडे उतरवून लावायला घेतले. कान बसले. हनुवटी बसली. छाती, पोट, मांड्या, पावलं. पट्टी जागेवर नेली की ती आपली आपण ओळख पटल्यासारखी चिकटायची. मग पाठ उरली. त्याने हात मागे नेऊन पाहिला, खालून, वरून. तुकडा वाकडा जायला लागला. खिडकीचा आतला गज राखाडी झाला.

त्याने आईकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं, खांद्यापासून बोटांपर्यंत नीट झाकलेल्या.

“आई,” तो म्हणाला. “हात दे जरा.”

 आईने दोन्ही हात पुढे केले.

त्याने ते सोडवले. घाईघाईने, ओरबाडून, म्हातारीची कातडी कुठे कुठे टेपबरोबर निघाली तरी तिने हात मागे घेतले नाहीत. तिने पाठीचे तुकडे उचलले, धाकट्याला पाठमोरं बसवलं आणि मणक्यावर रेष जुळवली. सगळ्या कडा तिने नखाने दाबल्या, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पुढे येऊन त्याच्या पापण्या मिटल्या आणि त्यांवर दोन तुकडे ठेवले. चेहऱ्याचा अर्धा राहिलेला तुकडा तिने दाताने तोडून पुरा केला.

“राग नव्हता त्याला,” ती म्हणाली. “मला होता. आहे.”

मग त्याच्या कानांवरच्या पट्टीतून दुरून आवाज यायला लागला. आधी भिंतीपलीकडे फुस्सकन सुटलेली हवा. मग ती डावीकडून खोलीत आली, पलंगावरून सावकाश, एका चालीने पुढे गेली, आणि उजवीकडे, खोलीच्या बाहेर जाऊन बंद झाली. थिनरचा वास टेपमधूनही आत आला. आईचा उघडा हात त्या वेळी त्याच्या खांद्यावर होता, शेवटची कड दाबत. हवा परत फिरली. उजवीकडून डावीकडे.

टेपच्या आत अंधार होता आणि ऊब होती. धाकटा मोजत राहिला. एका हातानंतर वाळायला किती वेळ द्यायचा, दुसऱ्या हातानंतर किती, हे त्याला येत होतं. मग कोणीतरी येऊन त्याला मोकळं करायला हवं होतं.

खांद्यावरचा हात अजून तिथेच होता. तो आता दाबत नव्हता आणि उचलतही नव्हता, आणि थोड्या वेळाने धाकट्याला तो गारही लागेना, कोमटही लागेना.